गवतावर पाय ठेवू नये

माझगावच्या कारखान्यात आम्ही पाय करतो.
हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा
सोयरीक घेऊन आलेली माणसं
अर्धा चहा ठेवून उठली होती.

प्लास्टरचा वास. भट्टीत मऊ पडत चाललेली शीट.
भिंतीवर खुंट्यांना टांगलेले साचे,
प्रत्येकावर निळ्या पेन्सिलीने
नाव, गाव, डावा की उजवा.
चेऊलकर मास्तर म्हणतात,
माप उरलेल्याचं घ्यायचं असतं,
गेलेल्याचं कुणाला घेता आलंय?
त्यांच्या वडलांचा पाय चव्वेचाळीस साली गोदीत राहिला,
जहाज फुटलं त्या दुपारी.
पुढे सागवानी पायाने ते शनिवारी सिनेगॉगला जायचे,
जिन्यावरचा आवाज ओळखून पोरं पत्ते लपवायची.
मास्तर एवढंच सांगतात. मग पुन्हा हातोडी.

यंदा संस्थेने सरहद्दीवरून चौघांना आणलं.
गुलनाज त्यातली. मेंढरच्या वरच्या अंगाचं गाव.
उतारावर गवत कापत होती,
तिची आई कापायची तिथेच.
सुरुंग वर कुठेतरी पेरलेला,
कुणी, कोणत्या साली, कुणाच्या भीतीने,
ते आता नकाशालाही आठवत नाही.
पाण्याबरोबर सरकत सरकत तो खाली आला
आणि थांबला.
"विळा सापडला," ती म्हणाली. "चप्पल नाही."

खुंटावर सुती मोजा.
गुडघ्याखाली अकरा सेंटीमीटर.
नडगीच्या टोकाला बोट लागलं की श्वास आत ओढते,
तिथे खूण.
सहाव्या दिवशी दोन दांड्यांमध्ये उभी राहिली,
आठव्या दिवशी दांड्या सोडल्या,
बाराव्या दिवशी जिना, फूटपाथ, पेव्हर ब्लॉक,
नाक्यावरच्या दूधवाल्यापर्यंत जाऊन परत.
मुंबई आवडली तिला.
का, विचारलं तर म्हणाली,
इथे जमीन झाकलेली आहे.

मी वहीत लिहिलं: चाल उत्तम.
मास्तरांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला.
"घरी जाऊन ती कशावर चालणार?
माती शोध."

आता माझगावात माती शोधायची म्हणजे.
गॅरेजांच्या मागे होती थोडी, तेल पिऊन काळी पडलेली.
कबरस्तानात चांगली होती,
पण तिथे तिला कोणत्या तोंडाने न्यायचं?
शेवटी टेकडीवरची बाग.
वरून क्रेन दिसतात, गोदीची गंजकी छपरं,
मधे पाण्याचा एक करडा तुकडा.

सिमेंट संपतं त्या रेषेवर ती थांबली.
पुढे पाच पावलं गवत, मग एक पाटी.
"काय लिहिलंय?"

तिच्या गावात पाट्या लाल असतात, वर कवटी.
वाटेच्या कडेला लाल रंग फासलेले दगड.
ही हिरवी, महापालिकेची, पांढरी अक्षरं.
मी मराठी शाळेत शिकले,
चार शब्द वाचायला
इतका वेळ कधी लागला नव्हता.
"गवत ओलं आहे, असं लिहिलंय."

तेवढ्यात माळी ओरडला.
"ओ बाई! वाचता येतं ना?"
हातात पाइप, तरातरा आला,
जवळ येता येता हळू झाला.
त्याने आधी पाय पाहिला, मग पाटी,
मग पाण्याची धार दुसऱ्या वाफ्याकडे वळवून
आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

गुलनाजने पाऊल उचललं.
मला वाटलं होतं, रबरी आधी टाकेल,
तो गेला तर आम्ही दुसरा करून देऊ.
तिने उरलेला टाकला.
तिचा स्वतःचा.
पाची बोटं गवतात रुतेपर्यंत.

का, ते मी विचारलं नाही.

मग वाकली. नवा गुडघ्याखालचा सांधा कुरकुरला.
डाव्या हाताने गवताची मूठ धरली,
उजवा हात विळ्यासारखा वळला, रिकामा,
आणि तसाच राहिला बराच वेळ.
माळ्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

वहीत आज:
टाच आतल्या बाजूला पडते. स्क्रू अर्धा फेरा.
सपाटीवर माती, बावीस पावलं.
उतार बाकी.