कुठून सुरू करू

वडिलांचा फाटका स्पीकर घेऊन आलीस तू
मोदी नंबर तीनच्या गल्लीत, मे महिन्याच्या भर दुपारी,
तोंडाला ओढणी अशी आवळलेली की उरले फक्त डोळे,
आणि त्या डोळ्यांना नेमकं दिसलं
माझ्या टेबलामागचं, कडा उडालेलं स्टिकर.
"काका, तुम्ही 'उष्माघात' ऐकता?"

ऐकतो म्हणजे, बाप्पा.
कोन बदलायला अर्धा तास लागेल म्हटलं, बस.
बसलीस स्टुलावर, कूलरच्या वाऱ्यात,
म्हणालीस, अकरा अल्बम आहेत त्यांचे,
मी कुठून सुरू करू?

असं कोणी विचारत नाही या दुकानात.
किती होतील विचारतात, कधी मिळेल विचारतात.

निवडक गाण्यांचा एक आहे, सोनेरी कव्हरचा,
त्याला हात लावू नको.
लग्नातलं ताट आहे ते, सगळं थोडं थोडं,
आणि घरी आल्यावर भूक तशीच.
सहाव्यापासून कर. 'लोहापूल'.
रात्री अकरानंतर ऐक, गच्चीवर पाणी मारून झालं
तरी गादी गरमच असते ना, तेव्हा.
पहिल्या गाण्यात चार मिनिटं नुसती बेस गिटार चालते,
वरून मालगाडी जाताना
पुलाखाली उभं राहिल्यासारखं वाटतं, छातीत.
नाही आवडलं तर परत ये,
स्पीकरचे पैसे घेणार नाही.

मग आठवा. मग उलटं फिरून चौथा.
पाचवा राहू दे. पाचव्याच्या वेळी ते पुण्याला गेले होते
आणि शब्द फार स्वच्छ झाले होते,
'कायले'चं 'कशाला' झालं होतं.

नववा मला अजून कळलेला नाही.
राजरतन त्यात गातच नाही, बोलतो,
मेडिकलच्या वॉर्डातल्या रात्रींबद्दल,
बाकड्याखाली झोपलेल्या नातेवाइकांबद्दल.
त्यासाठी थोडं जगावं लागेल तुला.
जगूनही मला कळला नाही, ही गोष्ट वेगळी.
पण आंबियाचं आंबट संत्रं खाऊन
मृगाच्या बागेला नावं ठेवू नयेत.

"आणि पहिला?"

मी कोनच्या कडेवरून सोल्युशन फिरवत होतो.
हात थांबला नाही माझा, मी बघितलं.
पहिला शेवटी, म्हटलं. कॅसेट होती ती,
अजनीच्या रेल्वे क्वार्टरात चादरी टांगून भरलेली.
मध्येच इंजिनाची शिट्टी आहे.
कच्चं आहे सगळं. ड्रमवाला तर शिकतच होता.

पंधरा दिवसांनी परत आलीस,
हेडफोनची वायर तुटली म्हणून.
तुटलेली कमी, कापलेली जास्त दिसत होती,
मी बोललो नाही काही.

"काका, तुमचं नाही ऐकलं मी.
पहिल्यापासूनच सुरू केलं.
कोणाकडे तरी मिळाला, खरखर आहे फार, शिट्टीपण आहे.
त्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं माहीत आहे?
त्यात ड्रमवाला एकदम पळत सुटतो,
बाकीचे मागे राहतात,
मग तेही पळतात त्याच्यामागे, धापा टाकत.
चाळीसदा ऐकलं असेल मी ते.
त्याला एवढी घाई कसली होती?"

वायर सोलली. आतलं तांबं काळं पडलेलं,
ब्लेडनं खरवडलं, पुन्हा खरवडलं.
बाहेर उसाच्या चरकाचे घुंगरू चालले होते.

"चारला लाईन जाणार होती," मी म्हटलं.
"तीन छप्पन झाले होते."

नोटा मोजत होतीस तू.
मोजणं तिथंच राहिलं.

"घड्याळ माझ्यासमोरच्या भिंतीवर होतं.
बाकी सगळ्यांची त्याच्याकडे पाठ."