खरी नक्कल

कोशित्सेजवळच्या त्या इस्पितळाच्या तळघरात
आम्हाला एक टेबल मिळालं, एक तास,
आणि आईची फाईल.

"बघा, वाचा. हवं तर हाताने उतरवून घ्या,"
रेकॉर्डच्या बाई म्हणाल्या. "झेरॉक्स मिळणार नाही."
मशीन त्यांच्या पाठीशीच होतं,
हिरवा दिवा लागलेलं.

आईला स्वतःच्या नावापलीकडे लिहिता येत नाही.
मी शाळेची वही काढली, चौकटींची,
आणि उतरवत गेले:
रक्तगट. वजन. वय वीस. रोमा.
(शेवटच्या शब्दाखाली लाल रेघ. तीही ओढली.)
पाणमोट फुटली, पहाटे चार दहा.
लॅटिन शब्द वाचता येईनात,
मग ते नुसते काढले,
भरतकामाचा नमुना उचलावा तसे,
टाक्यावर टाका.
भूल दिली, पाच पंचावन्न.
मुलगी, दोन किलो आठशे.

"ही तू," आई म्हणाली,
आणि रुमाल सोडून पुन्हा बांधला.

पान सतरा.
टाइप केलेल्या दोनच ओळी:
यापुढे मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करावी,
ही माझी विनंती.
वेळ सहा वाजून पाच.
खाली, गिझेला.
शेवटचं अक्षर रेघेवरून सुटून
कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेलेलं.

मी पेन उचललं. ठेवलं.
शब्द उतरतात, आकडे उतरतात.
ही घसरण कशी उतरवू?
माझ्या जाग्या, धडधाकट हातानं काढली
तर ती माझी होईल.
उद्या कोर्टात कुणी म्हणेल,
पोरीनं आईच्या सहीची नक्कल केली.

आईनं त्या अक्षरावर बोट ठेवलं,
हळूहळू कडेपर्यंत नेलं.
"हात माझाच आहे," ती म्हणाली.
"मी नव्हते."

बाईंनी घड्याळ दाखवलं.
मग फाईलची पानं मोजली, एकेक, थुंकी लावून,
एकेचाळीस,
आमच्या पिशवीकडे बघत.

परतीच्या बसमध्ये खिडकीला वाफ धरली होती.
बराच वेळ आई काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"सतराव्याची जागा सोडलीस ना?"

सोडलीय.
वर आकडा लिहिलाय,
खाली नुसत्या चौकटी.
अठराव्याला वेगळं पान घेतलंय.