खात्रीचा रकाना

सात आठवडे पाऊस नाही.
डिये नदीकाठचे शेतकरी आभाळाला शिव्या घालतात,
आणि ओतकार विमानात पेट्रोल भरतो.
त्यांचं पीक करपलं की आमचं उगवतं;
हे गावात बोलायचं नसतं.

फोटो क्रमांक एकशे चौदा. संध्याकाळचे सहा वीस.
कोपऱ्यात पंख आडवा आलाय.
जव पिकून पिवळा, आणि त्यात एक हिरवी गोल रेघ,
ओल्या पेल्यानं टेबलावर सोडावी तशी.
ईशान्येला तुटलेली.

खाली बुजलेला चर असेल तर माती खोल,
ओल चार दिवस जास्त पुरते,
ताटं हट्टानं हिरवी राहतात.
खाली भिंत असेल तर उलटं,
दगडावरचा जव लवकर म्हातारा होतो.
व्याकरण एवढंच. बाकी अपवाद.

ही जाड तिरकी रेघ म्हणजे जुनी नदी.
तिला ओळखते मी, प्रत्येक फोटोत घुसते.
या जोडरेघा खताच्या ट्रॅक्टरच्या.
हे ठिपके: घराचे खांब? रानडुकरांची लोळण?
की माझ्याच भिंगावरची धूळ?
(पुसून पाहिलं. धूळ नव्हती.)

पारदर्शक कागदावर पेन्सिल फिरवते.
व्यास तेरा मीटर.
साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी मातीत ठेवून
भोवती चर खणला असावा,
इथपर्यंत तुझं, इथून पुढे आमचं.
तुटल्या जागेतून माणसं आत जात असावीत,
कधी भाकरी घेऊन, कधी नुसतीच.
असावा. असावीत.
तेवीस वर्षं माझं घर या शब्दांवर चाललंय.

सहावा रकाना खात्रीचा. त्यात तीनच शब्द चालतात:
नक्की, बहुधा, शक्य.
मी 'बहुधा' लिहिलं, आणि फोटो घेऊन गावात गेले.

श्री. स्तोक्लासा, वय एक्क्याऐंशी.
आपलं शेत त्यांनी वरून कधी पाहिलं नव्हतं.
त्यांच्या उमेदीत असा फोटो म्हणजे लष्कराचं गुपित.
दोन्ही हातांनी धरला, लांब नेला, जवळ आणला.
"सर्कस," म्हणाले.

सत्तावन्नचा उन्हाळा. तंबूत एकच रिंगण.
पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून
कडेनं नाली खणली होती, त्यांनी स्वतः, दोन तिकिटांच्या बदल्यात.
"आणि इथून," बोट बरोबर ईशान्येला,
"पडदा सरकायचा, घोडे यायचे. एक हत्तीही होता.
आमच्या विहिरीचं पाणी त्यानं दुपारपर्यंत संपवलं."

तेरा मीटर. घोडा वळवायला तेवढं लागतं,
मेलेल्याला घेरायलाही तेवढंच.

तेवढ्यात हेडविका आतून, हात पिठात:
"सर्कस या शेतात? गिरणीमागे होती ती.
इथं तर तेव्हा बीट होतं, माझी कंबर साक्षीला आहे."
मग तासभर ती दोघं भांडली,
जर्दाळूचा केक कापता कापता,
गिरणीचं शेत कुठलं, बीट कुठल्या वर्षी,
आणि हत्तीच्या दिवशी तिनं कुठला झगा घातला होता यावर.
त्यांना माझी गरज नव्हती.
मी खिडकीतून जव पाहत बसले.
जमिनीवरून काहीच दिसत नाही.
रिंगणाच्या मधोमध उभं राहिलात तरी
भोवती नुसता जव.

परत येऊन खोडरबर घेतलं.
'बहुधा' पुसलं, 'शक्य' लिहिलं.
शेऱ्यात: हत्ती, स्तोक्लासा, तोंडी.
खोदायला पैसे नाहीत, पुढची पाच वर्षं तरी.

शनिवारी पाऊस झाला.
सोमवारी ओतकार म्हणाला, सगळं एकसारखं तपकिरी,
रेघ गेली.

गुरुवारी फोन. हेडविका. आवाज खाली,
तो बाहेर कोंबड्यांकडे गेला होता म्हणून.
"बाई, तुम्ही ते लिहून ठेवलंत ना,
दुरुस्त करा. हत्ती नव्हता.
उंट होता तो."
मग थोडा वेळ नुसती तारेची खरखर.
"बहुधा."