सीपीआर म्हणजे

"सीपीआर म्हणजे काय?" सिस्टरनं विचारलं,
आणि पहिली रांग एका सुरात म्हणाली,
दवाखाना. दसरा चौकातनं पुढं.
मुजावर सिस्टर हसल्या. म्हणाल्या,
तिथं पोचायच्या आधीचं जे असतं, ते आज शिकायचं.

शिरोली एमआयडीसी. सोमवारची सुट्टी मोडून
कॅन्टीनची टेबलं भिंतीला सरकवलेली,
सतरंजीवर पाय नसलेलं रबराचं धड,
डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं.
ऑडिटसाठी कंपनीला बारा नावं हवी होती.
माझं अकरावं.
बारावा रणजित शिपेकर, तालमीतला गडी,
त्यानं पहिलाच दाब असा दिला
की पुतळ्यातनं टक् झालं
आणि सगळे हसले.
"बरगडी मोडली तर मोडू दे," सिस्टर म्हणाल्या,
"बरगडी सांधती."

पाच सेंटिमीटर खाली. सोडताना पुरतं सोडायचं.
मिनिटाला शंभराच्या वर, एकशेवीसच्या आत.
घड्याळ बघू नका, मनात चाल धरा.
"हलगीची धरू?"
"धर. पण सलामीची नको,
कुस्ती रंगल्यावरची."

मग फळ्यावर त्यांनी लिहिलं, करायचं नाही.
पाणी पाजायचं नाही.
कांदा हुंगवायचा नाही.
चप्पल तर मुळीच नाही.

माझी चप्पल दाराबाहेर होती.
कापशी जोड, तेल पाजलेला, करकरणारा.
तोच. तळ तेवढा बदलून घेतलाय.

कुंडलिक मगदूम, भट्टी नंबर दोन,
शिफ्ट संपता संपता उभ्या उभ्या कोसळला.
दोन-तीनदा हातपाय झाडले.
कोण तरी ओरडलं, फिट आलीया, चामड्याची चप्पल आणा!
सगळ्यांच्या पायात सेफ्टी बूट.
मी लॉकरपर्यंत पळालो
आणि तिथनं परत.
तसा मी आयुष्यात कधी पळालो नाही.
नाकाशी धरली तेव्हा तो घोरत होता.
म्हटलं, चला, श्वास आहे.

"तो श्वास नसतो," सिस्टर
दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होत्या,
"पाण्याबाहेर काढलेला मासा तोंड उघडतो, तसं असतं ते."

मी हात वर केला.
"आधी झटके आले, मग माणूस घोरायला लागला, तर?"
"हाक मारून बघायची. ओ नाही दिली
तर लगेच छातीवर हात."
"आणि नाही ठेवला तर?"
त्यांनी खडू खाली ठेवला.
"कधीची गोष्ट?"
"असंच विचारलं," मी म्हणालो.

माझा नंबर आला. गुडघे टेकले, तळहातावर तळहात.
तिसाच्या पुढंही दाबत राहिलो.
"चौगले, बदला आता. दमलं की दाब हलका पडतो."
घाम पुतळ्याच्या गळ्यावर पडला
आणि तसाच राहिला.

पाच वाजता प्रमाणपत्रं. दोन वर्षं चालतात,
मग परत शिकायचं म्हणे.
सिस्टर पुतळ्याचं तोंड स्पिरिटनं पुसत होत्या
तेव्हा कॅन्टीनच्या खिडकीमागनं अक्काताई आल्या,
पदराला हात पुसत.
चहा त्यांनीच केलेला, चारदा.
कुंडलिकच्या जागी कंपनीनं त्यांना इथं घेतलंय, चपात्यांना.

"मी करून बघू काय? माझं नाव नाही त्या बारात."

बसल्या. कोपर ताठ, नजर खाली.
रोजची तीनशे चपात्यांची कणीक त्या हातांना माहीत.
पुतळ्याच्या खांद्यावर हिरवा दिवा असतो,
दाब बरोबर बसला तरच लागतो.
माझ्या वेळी अधूनमधून लागत होता.
त्यांच्या वेळी दरवेळी.

अठ्ठावीस, एकोणतीस, तीस,
एकतीस, बत्तीस.
थांबा म्हणायला कुणाची जीभ रेटेना,
सिस्टरचीही नाही.
रणजित भिंतीकडं बघत होता.

मी मागच्या मागं बाहेर आलो.
चपला पायात घातल्या नाहीत,
हातात घेतल्या.
करकर आत ऐकू गेली असती.