पाठमोरी सीट

ताकाच्या रंगाची वोल्वो, स्टेशन वॅगन,
बाबांनी शहाऐंशी साली हप्त्यांवर घेतलेली.
नाकासमोर चालणारी. गरीब गाय.
चढावर मागचे ट्रक हॉर्न द्यायचे
आणि आई हात हलवून त्यांना पुढे सोडायची,
पाहुण्यांना आधी वाढावं तसं.

आता तिच्या पोटात हात घालून
माझा भाऊ हाल्वार तीन हिवाळे उभा आहे.
स्तूरुमानच्या गॅरेजात. बाहेर उणे सव्वीस,
आत रॉकेलची शेगडी आणि रेडिओवर हवामान.
टर्बो आणला भंगारातल्या लाकूडवाहू ट्रकचा,
शंखासारखा वळलेला. मी कानाला लावून पाहिला.
समुद्र नव्हता,
कानाला काजळी तेवढी लागली.

इंजिन तेच ठेवलं, लाल, ओतीव लोखंडाचं.
‘हे मरत नाही,’ हाल्वार म्हणतो.
बाबांबद्दलही आम्ही असंच म्हणायचो.
पिस्टन नवे, इंजेक्टर मोठे, क्लच इतका कडक
की दाबताना माझा गुडघा कुरकुरतो.
जाळीमागे इंटरकूलर, जिथे दर उन्हाळ्यात
मेलेल्या डासांचा थर साचायचा, तिथेच.

मग वजन.
हाल्वारने न्हाणीघरातला काटा आणला
आणि संसार मोजायला बसला.
गालिचा चार किलो. छताचं अस्तर दोन.
स्की बांधायचा कॅरियर नऊ.
कुत्र्यासाठीची जाळी पाच,
जाळीत अजून मूसेचे केस.
मूसेला जाऊन चौदा वर्षं झाली.
पुढच्या कप्प्यात आईचा चष्मा, पेट्रोलच्या पावत्या
आणि एक दुधाचा दात. त्याचा की माझा, ठरेना.
काट्याने दाताची दखलच घेतली नाही.

शेवटी डिकीतली ती दुमडती सीट.
पाठमोरी. आम्हा दोघांची.
पुढे आईबाबा रस्ता येताना बघायचे
आणि आम्ही जाताना.
पेट्रोल पंप, चर्च, आजोळचं फाटक,
सगळं आधी मोठं असायचं, मग बारीक होत जायचं.
शाळेत बाईंनी विचारलं, सुटीत काय काय पाहिलंस?
मी म्हटलं, सगळं. पण ते मागे पडल्यावर.

‘अकरा किलो,’ हाल्वार म्हणाला. ‘काढू या.’
मी पाना लपवला.
दोन दिवस आम्ही बोललो नाही,
म्हणजे इथल्या हिशेबाने नेहमीइतकंच.

मार्चमध्ये तलाव गाडी पेलतो.
भोक पाडून पाहिलं होतं, सत्तर सेंटिमीटर बर्फ.
टायरांना खिळे. काठावर थर्मास घेतलेली माणसं.
आणि आई आली. गुनवोर, वय चौऱ्याहत्तर,
लोकरीच्या टोपीवर हाल्वारचं हेल्मेट कोंबलेलं.
सरळ मागे गेली, डिकी उघडली,
गुडघे मुडपून, मान वाकवून आत बसली.
‘इतकी वर्षं स्टिअरिंग धरलं,’ म्हणाली,
‘इथून काय दिसतं ते बघितलंच नाही कधी.’

हाल्वारने माझ्याकडे पाहिलं.
मी जाऊन तिचा पट्टा आवळला.

पहिला गिअर. दुसरा.
मग क्षणभर काहीच नाही, टर्बो श्वास घेत होता,
आणि तिसऱ्यात
गरीब गायीने शिंगं काढली.
स्टिअरिंग हातात राहीना. पाठ सीटमध्ये रुतली.
कुठेतरी खडखडणारं एक झाकण
पस्तीस वर्षांत पहिल्यांदा गप्प बसलं.
आरशात आईच्या हेल्मेटची मागची बाजू
आणि त्यापलीकडे आम्हीच उडवलेला बर्फ.
काठ नव्हता, माणसं नव्हती, गाव नव्हतं.

थांबलो तेव्हा ती बराच वेळ उतरली नाही.
मी डिकी उघडली.
‘तुम्ही लहान असताना,’ तिने विचारलं,
‘इतक्या लवकर नव्हतं ना जात सगळं?’

मला उत्तर सुचलं नाही. मी पट्टा सोडवला.
हाल्वार हातातलं घड्याळ नाचवत धावत आला,
आकडा सांगितला, परत सांगितला.
घरी जाताना बटाट्यांचं पोतं घेतलं, पंचवीस किलो.
आई पुढे बसली.
पोतं तिने पाठमोऱ्या सीटवर ठेवलं
आणि त्याला पट्टा लावला.