मायना

अर्जाची पहिली ओळ म्हणजे मायना.
अण्णा म्हणायचे, मायना चुकला
की खालचं सगळं खरं असलं तरी बेवारस.

त्यांचं टेबल उदगीरच्या मुन्सिफ कोर्टाबाहेर.
तेव्हा जिल्हा बिदर, लिपी उर्दू.
ब-अदालत जनाब मुन्सिफ साहब, आणि मग
उजवीकडून डावीकडे चालत यायचे
मुद्दई, बनाम, मुद्दालेह.
पुढं जिल्हा उस्मानाबाद झाला, पुढं लातूर.
एका बांधाचा दावा तिन्ही जिल्ह्यांत राहून आला,
बांध जागचा हलला नाही.

मी टाईपरायटरवर बसले तोवर
मुन्सिफाचे झाले होते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर.
वरच्या मजल्यावर वरिष्ठ स्तर, जिना एकच.
खालचे साहेब जेवणाआधी दिवाणी,
जेवून आले की प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी.
खुर्ची तीच, पंखा तोच.

हावगीराव चौदा वर्षं माझ्याकडं येतात.
दिवाणीत वादी.
त्याच भांडणात डोकं फुटलं, तिथं फिर्यादी.
बायको माहेरी गेली, तिथं गैरअर्जदार.
पाण्याची मोटर जळाली, ग्राहक मंचात तक्रारदार.
औरंगाबादला, खंडपीठात, वकील म्हणाला
तुम्ही आता रिस्पॉण्डंट.
परवा हळूच विचारत होते,
‘बाई, ह्यातला मी कोणता हो?’
मी म्हटलं, सही कुठं करायची तेवढं बघा.

सुगराबीनं विचारलं होतं, मोठं कोर्ट कुठलं?
उत्तर तिनंच दिलं:
जिथं गेलं की मुक्काम पडतो, ते.
आणि लोकअदालत?
तिथं चहा मिळतो.
तिथं कुणी हरत नाही म्हणतात.
जिंकून आलेलाही मी पाहिला नाही कुणी.

मंगळवारी बेलिफ आला.
नेहमीसारखा बसला, पाणी प्याला,
उठता उठता म्हणाला, ताई, एक तुमचंबी हाय.

कागद लातूरहून टाईप करून आणलेला.
इथं करून घ्यायला लाजला असेल.
वादी: बसलिंग माणिकअप्पा, धंदा व्यापार.
विरुद्ध.
प्रतिवादी क्रमांक तीन: मी. धंदा: घरकाम.

आधी मायना बघितला, सवयीनं.
बरोबर होता. कोर्ट बरोबर, स्तर बरोबर.
मागणी वाटणीची:
दोन खोल्या, परसातली जागा,
आणि जंगम मिळकतीत, अनुक्रमांक सहा,
सागवानी टेबल एक. सात,
टंकलेखन यंत्र एक, जुने, चालू स्थितीत.

‘चालू स्थितीत’ वाचून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

आता मला द्यायची आहे कैफियत.
कोर्टात तिचा अर्थ लेखी जबाब.
उर्दूत मनाच्या हालतीलाही कैफियतच म्हणतात,
अण्णांनी सांगितलं होतं, टाक झटकत.
नमुन्यात तेवढी जागा नसते.

अनुक्रमांक सातवर कागद चढवला.
मायना घातला.
‘घरकाम’ खोडायला एक परिच्छेद लागला,
बाकीचं मुद्देनिहाय नाकबूल.
तीन प्रती: कोर्टाला एक, बसलिंगला एक.
कार्बन जुना झालाय, तिसरी फिकी उठते.
ती माझी.