मागचा टायर

पुढचा एक संपतो तोवर मागचे दोन जातात.
हे मला कुणी शिकवलं नाही. सतरा वर्षं
सीटमागं नायट्रोजनची टाकी बांधून
गायींच्या माजावर धावतोय मी,
गुंजी, हेम्माडगा, कणकुंबी, बिडी, परत खानापूर.
आत गोठलेले वळू, एकेका काडीत एकेक.
बाहेर मी, घामानं निथळत.

जांबोटी क्रॉसवर दस्तगीर नदाफ
टायरवरून अंगठा फिरवतो,
मी गाय तपासतो तसा, भलतीकडं बघत.
"मधनंच सपाट झालाय. हवा जास्त भरूलास."
मागल्या खेपेला दोन्ही कडा गेल्या होत्या,
तेव्हा म्हणाला होता, उपाशी पळीवलास की रे त्याला.
हवा तो कानडीत मोजतो,
पुढं इप्पत्तैदु, मागं मूवत्तेरडु,
पैसे मराठीत,
आणि लोखंडात बोट सापडलं की शिव्या दोन्हीत.

मी वहीत मांडून ठेवलंय.
पहिला गेला अकरा हजारांत, वय कोवळं,
थांबायचं म्हणजे चाक घासटतच थांबायचं.
तिसरा नऊच. त्या साली
कणकुंबीचा रस्ता उकरून तसाच टाकलेला,
जांभ्याचे खडे रोज थोडा थोडा कुरतडून घ्यायचे.
चौथा कुणाच्या तरी लग्नमांडवाच्या खिळ्यानं.
पाचवा एकोणीस हजार चालला.
बायको म्हणाली होती हळू जा,
आणि त्या वर्षी मी ऐकलं.

कुठं जातं पण ते रबर?
असोग्याच्या वळणावर, नंदगडच्या चढाला,
मी थोडा थोडा सांडलोय
आणि कुणाच्या चपलेलाही लागलेलो नाही.

सोमवारी घाडीमामांचा फोन आला.
कल्लाप्पा घाडी, माझ्या आधी हीच टाकी, हीच गावं.
"गाडी जरा बघून दे रे. टायर नवाच आहे."
नवाच होता. निवृत्तीच्या महिन्यात बसवलेला,
आता आपल्यासाठी फिरू म्हणून.
मग राहिलंच.
पेरूखाली साइड स्टँडवर, एकाच अंगावर,
सगळी नक्षी शाबूत, खाचांत काडेपेटीची काडी खोल जाईल इतकी.

दस्तगीरनं बाजूचे चार आकडे वाचले:
चौतीस, सतरा. सतरा साल, चौतिसावा आठवडा.
नखानं रबर जरा वाकवलं
आणि बारीक बारीक भेगा उघडल्या,
मसूर काढल्यावर रान उलतं तशा.
"पळून मरतोय तसा उभा राहूनबी मरतोय, मामा.
ऊन खातंय त्याला. एका जागी बसून बसून चपटा झालाय."

मामा काही बोलले नाहीत.
पेरूकडं बघितलं, गुडघ्यावर हात फिरवला.
दस्तगीर नको तितका वेळ पाना पुसत राहिला.
मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे,
भंगारात किती येतील ते बघ.

"दोन्ही घाल," म्हणाले. "पुढचाबी."

तासाभरात झालं. जुना टायर
शेजारच्या पोरानं काठीनं पळवत नेला,
आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याला एवढी धाव.
दस्तगीरनं बजावलं, नवं रबर मेणचट असतंय,
पहिले शंभर किलोमीटर निसरडे,
वाकवायचं नाही, दाबून ब्रेक नाही.
त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला!
मामांनी मान डोलावली,
पहिल्यांदा गाडी शिकणाऱ्यासारखी, खरोखर.

मग किक. तिसऱ्यांदा लागली.
नव्या टायरवरचे रबराचे केस उभे,
फिरायला लागल्यावर दिसेनासे झाले.
वळणापर्यंत दोन्ही पाय जमिनीलगत धरून,
सायकलवाल्याच्याही मागनं,
कुठं जातो ते न सांगता गेले.

माझा फोन वाजला. बिडीला गाय माजावर,
बारा तासांच्या आत पोचायला हवं.
टाकी बांधली. दस्तगीर म्हणाला,
"तुझा अजून तीन हजार काढेल. सावकाश गेलास तर."